अर्धवट राहिलेली शिवी

१२ जानेवारी, सोमवार

आज दुपारी बाबाला मला पुरती शिवी देता आली नाही, आणि त्या क्षणी सगळं बदललं.

मी सरपण घेऊन आत येत होतो. दोन्ही हात भरलेले, दार पायाने ढकललेलं, बाहेर उणे अठरा. बाबा टेबलापाशी कॉफी पीत बसला होता. लहानपणापासून ऐकत आलोय ते वाक्य आता येणार म्हणून मी आधीच कपाळाला आठ्या घालून तयार होतो. "अरे गाढवाच्या लेका, दार..." एवढं म्हणाला आणि थांबला. तोंड उघडंच. पुढचा शब्द बाहेर यायला हवाच उरली नव्हती. शेवटी त्याने नुसतं दाराकडे बोट केलं.

मला आधी हसू आलं. "पुढचं विसरलास की काय?" मग त्याच्या गळ्याखालचा खड्डा दिसला. प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता.

"हे कधीपासून?"

"काय?"

"ही धाप."

"कसली धाप. कॉफी गरम आहे."

कॉफी गरम आहे! या माणसाशी बोलण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटावं. भिंतीचा निदान आवाज तरी होतो. मी ताबडतोब आरोग्य केंद्राला फोन लावला. तो खिडकीबाहेर बघत बसला, जणू मी शेजाऱ्याच्या गायीसाठी ढोरांचा डॉक्टर बोलावत होतो.

ईरिसलाही कळवलं. पानभर लिहिलं. तिचं उत्तर: "हं. उद्याच ने त्यांना." बस्स. ही तीच ईरिस, जिला मी ऑक्टोबरात ताम्पेरेला कॉलेजच्या जेवणघरात सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं की तुझ्याशिवाय मला जगता येत नाही. तेव्हाही ती "हं" म्हणाली होती, आणि तिने वाटाण्याचं सूप संपवलं. त्यानंतर मी त्या कॉलेजात का राहायचं? बाबाला एकट्याला लाकडं फोडणं जमत नाही म्हणून परत आलो, असं मी सगळ्यांना सांगतो. ते खोटं नाही.

१५ जानेवारी

तुर्कूच्या मोठ्या इस्पितळात पाठीला सुई लावून बाबाच्या छातीतून पाणी काढलं. फुफ्फुसाभोवती साठलं होतं, बाटलीच्या बाटली. फिकट बिअरच्या रंगाचं. बाबाने ते उजेडात धरायला लावलं, नीट बघितलं आणि म्हणाला, "फेस नाही."

घरी आल्यावर त्याने शीळ घातली. मला वाटलं, संपलं प्रकरण. पाण्याचा नमुना तपासायला पाठवलाय म्हणे. एन्सिओकाका भेटायला आला. बाबाच्या गोदीतला जोडीदार, आता शेजारी. दोघं समोरासमोर बसले, वेलचीचा पाव खाल्ला, एक शब्द बोलले नाहीत. जाताना काका म्हणाला, "हं. तर मग." बाबा म्हणाला, "तर मग." आणि यांचं म्हणे आयुष्यभराचं मैत्र!

२६ जानेवारी

मी हे लिहितोय कारण कुणाशी बोललो तर ओरडेन.

शल्यविशारद डॉ. पिहला सार्कोला. केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. तिने खुर्ची बाबासमोर ओढली आणि सरळ सांगितलं. फुफ्फुसावरच्या अस्तराचा कर्करोग. गोदीत ॲस्बेस्टॉसचं काम केलेल्यांना होतो तो. पुरता बरा होत नाही. पाणी पुन्हा भरेल.

बाबा तरुणपणी जहाजांच्या पाइपांवर ॲस्बेस्टॉसचे लेप चढवायचा. दुपारी त्याच धुळीत बसून डबा खायचा. एन्सिओकाका सांगतो, ते त्या धुळीचे गोळे करून एकमेकांना मारायचे, हिवाळा नसतानाही बर्फाची मजा म्हणून. ती मजा आता वर आली.

डॉक्टरीण म्हणाली, पाण्यावर उपाय आहे, दुर्बिणीतून ऑपरेशन करता येतं, पण आधी पाणी किती वेगाने भरतं आणि त्यांना किती त्रास होतो ते पाहू.

"कसं वाटतंय, ताइस्तो?"

"बरं आहे."

ती काही खुळी नाही. "बरं आहे" तिने लिहून घेतलंच नाही. "रोज किती चालता?"

"टपालपेटीपर्यंत जाऊन येतो."

"किती लांब आहे?"

"हमरस्त्यापर्यंत. किलोमीटरच्या वरच."

"न थांबता?"

"न थांबता."

मग ती म्हणाली, हे उत्तम आहे, मग थोडं थांबू. पण धाप वाढली तर त्याच दिवशी फोन करा. फार दिवस पाणी राहिलं तर फुफ्फुसावर साल धरते, मग ते उघडत नाही, आणि मग माझ्या हातात फारसं काही राहत नाही. हे ती दोनदा बोलली. बाबाने दोनदा मान हलवली.

मी दुकानाच्या गोदामात सकाळच्या पाळीला असतो, म्हणून टपाल तोच आणतो, हे खरं. मला बरंच वाटलं. किलोमीटरभर चालतो म्हणजे अजून दम आहे म्हातारबात.

५ फेब्रुवारी, गुरुवार

गाढव! दोन गाढवं! तीन, मलाही धरून!

गोदामातला गाडा बिघडला म्हणून आज लवकर सुटलो. वळणावर बघतो तर काय, समोरून आमची ढकलखुर्ची येतेय, बर्फावरून म्हातारी माणसं बाजारहाट करायला वापरतात ती, खाली लांब पोलादी पट्ट्यांची. खुर्चीवर बाबा, मांडीवर टपाल. मागे एन्सिओकाका, एक पाय पट्टीवर, दुसऱ्याने जमीन मागे सारतोय. मला बघून काकाने खुर्ची थांबवली. दोघांची तोंडं शाळा बुडवताना पकडलेल्या पोरांसारखी.

"बर्फ आज छान आहे," काका म्हणाला.

"रोज असंच?" मी विचारलं.

काकाने बाबाकडे बघितलं, बाबाने टपालाकडे.

"डॉक्टरीणबाईला काय सांगितलंस तू? न थांबता?"

"थांबतोय कुठे," बाबा म्हणाला. मग श्वास घेतला. "एन्सिओ थांबतच..." मग आणखी एक. "...नाही."

मी रस्त्यात उभा राहून इतका ओरडलो की शेजारच्या लोहानेनांचं कुत्रं भुंकायला लागलं. तुला कळतं का ती काय म्हणाली होती? साल धरते म्हणाली होती! तू काय तिला गोदीचा मुकादम समजतोस, काम टाळायला थाप मारायला? मी सगळं सगळं बोललो. बाबा शांतपणे ऐकत होता. बोलून मी दमलो तेव्हा त्याने विचारलं, "तुझी नवी सहामाही... सुरू झाली असेल ना?"

"विषय बदलू नकोस!"

"ऑपरेशन म्हणजे... महिना जाईल. तुझा."

"मी म्हटलं ना विषय बदलू नकोस!"

त्याने टोपी कानांवर ओढली. मी खुर्ची काकाच्या हातातून हिसकावली आणि स्वतः ढकलली. बाबाचं वजन इतकं कमी झालंय हे मला पाठीमागून कळलं. हातांना कळलं.

घरी येऊन फोन केला. सोमवारी बोलावलंय.

सूप लागलं नाही. ईरिसचा निरोप आला: "तुझा लाल थर्मास माझ्याकडे राहिलाय." ठेव म्हणावं! थर्मासाची पडलीय हिला.

९ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई या वेळी काही विचारतच बसली नाही. म्हणाली, "चला ताइस्तो, कॉफीच्या मशीनपर्यंत जाऊन येऊ." त्याच्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला आणि शेजारून चालू लागली. मी मागे.

अर्ध्या वाटेत बाबा थांबला आणि भिंतीवरचा कागद वाचू लागला. अगदी मन लावून. स्तनपानाविषयी मार्गदर्शन होतं.

"उपयोगी आहे?" डॉक्टरीण म्हणाली.

"वाचायला... काय हरकत आहे."

मी फुटलो. म्हणालो, अहो, आमच्या घरी "बरं आहे" म्हणजे मरायला टेकलोय आणि "ठीक" म्हणजे पुरा मेलोय, याचं बोलणं उलटं करून वाचायचं असतं! कॉरिडॉरमधल्या सगळ्यांनी माना फिरवल्या. ती मला म्हणाली, "ओरडू नका. माझे वडील उत्तरेकडचे. ते याहून कमी बोलायचे." मग बाबाकडे वळली. "पुढच्या आठवड्यात करू."

तिने चित्र काढून दाखवलं. पूर्ण गुंगी देऊन कुशीवर झोपवायचं, बरगड्यांमध्ये दोन लहान छिद्रं, एकातून दुर्बीण, दुसऱ्यातून हत्यार. पाणी सगळं ओढून घ्यायचं. मग फुफ्फुस फुगवून बघायचं. ते छातीच्या भिंतीपर्यंत आलं तर मधल्या पोकळीत निर्जंतुक शंखजिऱ्याची पूड फवारायची, बाळांच्या पावडरीत असायची तसली. त्याने तिथे दाह होतो आणि फुफ्फुस भिंतीला चिकटतं. चिकटलं की पाण्याला जागाच नाही.

"आणि नाही आलं तर?" मी विचारलं.

"तर पुडीचा उपयोग नाही. बारीक नळी ठेवून देईन, घरी दिवसाआड पाणी काढावं लागेल. ते आत गेल्यावरच कळेल. दोन आठवड्यांपूर्वी शक्यता जास्त होती." हे ती बाबाकडे बघून म्हणाली. तो चित्राकडे बघत होता.

"म्हणजे," बाबा म्हणाला, "धुळीने झालं. आणि आता... तुम्ही आत धूळच घालणार."

"हो."

"मुकादमाला... सांगायला हवं होतं. आणखी टाका म्हणून."

ती हसली! पहिल्यांदा. मी हसलो नाही.

मग त्याने त्याचा एकमेव प्रश्न विचारला. माणसाला कर्करोग, दम लागतोय, छातीला भोकं पाडणार, आणि हा विचारतो, "सौना कधी?" शनिवारची सौना, ती वाफेची आंघोळ, चुकली तर याचा आठवडाच संपत नाही.

"जखमा भरेपर्यंत नाही. मी बघून सांगेन तेव्हाच."

या माणसाचा चेहरा पूर्ण भेटीत तेव्हा पहिल्यांदा उतरला.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी त्याला चाकांच्या पलंगावरून नेलं. मला वाटलं काहीतरी बोलेल. म्हणाला, "चुलीत राख साठलीय."

बसलो. उठलो. कॉफीच्या मशीनला लाथ मारली, तिने नाणी गिळली आणि मग एक बाई येऊन मला शांत रहा म्हणून गेली. ईरिसला लिहिलं, सगळं, धूळ आणि साल आणि माझी चूक कशी की मी खुर्ची आधी बघितली नाही, आणि तू इथे असतीस तर, वगैरे. खूप वेळ काही नाही. मग:

"इथे तळ्यावरचा बर्फ अजून धरून आहे."

माझा बाप टेबलावर कुशीवर पडलाय, आणि ही मला हवामान सांगते! मी फोन बंद केला. यापुढे तिला एक अक्षर लिहिणार नाही. हे मी वहीत लिहून ठेवतोय म्हणजे मोडता येणार नाही.

दुपारी डॉक्टरीण आली, डोक्यावर अजून कागदी टोपी. मी तिच्या चेहऱ्यावर काही वाचायचा प्रयत्न केला. कशाला करायचा! तिने भिंतीला टेकून सांगितलं, "उघडलं. खालचा एक कोपरा सोडला तर सगळं भिंतीपर्यंत आलं. पूड घातली आहे. आता चिकटतं का बघू."

मी तिला मिठी मारली. ती लाकडासारखी उभी राहिली आणि मग माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं, घोड्याला थोपटतात तसं.

२० फेब्रुवारी

ताप. डॉक्टर म्हणतात पुडीने येतोच, याचा अर्थ दाह होतोय, म्हणजे हवं तेच होतंय. छातीतून नळी, खाली पाण्याची बाटली, खोकला की बुडबुडे. बाबा घामाने भिजलेला, ओठ पांढरे.

परिचारिका विचारते, शून्य ते दहात किती दुखतंय?

"दोन."

"आठ!" मी ओरडलो. "त्याचा हात बघा, पलंगाची कड कशी धरलीय!"

ती थकल्या सुरात म्हणाली, "मी यांच्या वयाच्या पुरुषांचं 'दोन' तीनने गुणते. बसा तुम्ही." आणि औषध दिलं.

बाबा डोळे मिटून पडला. मग हळूच म्हणाला, "सहा झाले असते. आठ नाही."

हिशोबाच्या वेळी बरोबर जागा होतो!

२८ फेब्रुवारी, शनिवार

चार दिवस झाले घरी आणून. आज दुपारी गोदामातून परत येतो तर सौनेच्या धुरांड्यातून धूर! मी सायकल बर्फातच टाकली आणि धावलो. डोळ्यांसमोर ओल्या पट्ट्या, चिघळलेल्या जखमा, पुन्हा ताप, पुन्हा कुशीवर टेबल, सगळं.

कपडे बदलायच्या खोलीत बाबा बाकावर बसला होता. कोट, टोपी, लोकरी मोजे, सगळं अंगावर. आतल्या दाराला पाठ टेकून. आतून चर्र आवाज आला, दगडांवर पाणी पडल्याचा. बाबाने डोळे मिटले.

"मी आत गेलेलो नाही," त्याने डोळे न उघडताच सांगितलं.

"मग तापवली कशाला?"

"शनिवार आहे."

"आत कोण आहे?"

"मी," एन्सिओकाका आतून ओरडला.

"दुसऱ्याला बसवून तू बाहेर ऐकत बसलायस?"

"पाणी कमी टाकतो तो," बाबा म्हणाला. "पण ठीक आहे."

मी बाकावर त्याच्या शेजारी आदळलो. इतका राग आला होता की कुठे ठेवावा कळेना, तर तो ईरिसवर निघाला. सगळं बोललो. सूप, थर्मास, बर्फ. ऐन ऑपरेशनच्या वेळी बर्फ!

बाबाने विचारलं, "काय उत्तर दिलंस?"

"काहीच नाही. देणारही नाही."

आतून काका म्हणाला, "गाढव."

बाबाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुझ्या आईने मला पहिली चिठ्ठी लिहिली ती अशी, की आमच्या धक्क्यावरची होडी अजून रंगवायची राहिली आहे. मी दोन आठवडे विचार करत होतो की मला काय त्याचं."

"मग?"

"मग ब्रश घेऊन गेलो."

आई जाऊन इतकी वर्षं झाली, त्याने मला ही गोष्ट कधी सांगितली नव्हती. आणि आत्ता सांगतो, कोट घालून, बंद दाराला टेकून. असल्या गोष्टी वेळेवर सांगायला यांना काय होतं? मी चिडून तिथून उठलो. लाकडं फोडली, गरज नव्हती तितकी.

मग तिला लिहिलं. वहीतलं मोडलं. "बर्फ किती दिवस धरेल?"

लगेच उत्तर. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा लगेच. "मार्चअखेरपर्यंत बहुतेक."

११ मार्च

छातीच्या फोटोत पाणी नाही. डॉक्टरीणबाईने तो दिव्यावर लावून बोटाने दाखवलं, इथे चिकटलंय, इथे चिकटलंय, हा खालचा कोपरा तेवढा रिकामा, त्याच्याकडे लक्ष ठेवू. जखमा म्हणजे दोन गुलाबी रेघा.

मी विचारलं, म्हणजे आता बरा?

"श्वास बरा," ती म्हणाली. "आजार तिथेच आहे. मी तुम्हाला महिने की वर्ष ते सांगू शकत नाही. पण जो काही काळ आहे, तो बुडत काढावा लागणार नाही."

मला टेबलावर मूठ आपटायची होती. एवढं सगळं करून, एवढी पूड, एवढा ताप, आणि तिथेच आहे? बाबाने माझ्या मुठीवर हात ठेवला. हात गरम होता. तो तिला म्हणाला, "शनिवारी?"

"शनिवारी जा. फार वर बसू नका."

"वरच बसतात," बाबा म्हणाला.

ईरिसला लिहिलं: शनिवारी आलो तर? तिने लिहिलं: "जाड मोजे आण." मोज्यांचं काय! ये म्हणायला काय पैसे पडतात?

१४ मार्च, शनिवार. बसमध्ये

अक्षर हलतंय. चालवणारा खड्डा सोडत नाही.

निघायचं ठरलं होतं ते एका रात्रीसाठी, उद्या परत. काल म्हणालो तसं, तर बाबा म्हणाला, "सोमवारी आलास तरी चालेल." नंतर थोडं थांबून, "सहामाहीची चौकशी... तिथेच असशील तर करून ये." मी म्हणालो, त्यासाठी जात नाहीये. तो म्हणाला, "मी कुठे म्हणतोय."

पण दुपारी पिशवी खांद्याला लावली आणि पाय निघेना. बाबा सौनेत होता, किती आठवड्यांनी पहिल्यांदा. मी कपडे बदलायच्या खोलीतून आतलं दार उघडलं. वाफेत तो सगळ्यात वरच्या बाकावर बसलेला, लाल लाल, खांदे हाडकुळे, बरगड्यांपाशी त्या दोन रेघा. एन्सिओकाका खालच्या बाकावर. मी तिथेच दारात उभा राहून बोलत सुटलो. म्हणालो, मी जात नाही. रात्री ताप आला तर काय करशील? खालच्या कोपऱ्यात पाणी आलं तर? फोन करशील का, की पुन्हा "बरं आहे" म्हणशील? सरपण कोण आणणार? आणि तिने नुसतं मोजे आण म्हटलंय, मोज्यांसाठी का मी एवढा प्रवास करू? तिला खरंच नको असेन तर? मी आणखी बरंच बोललो असेन. माझ्या पायांपाशी थंडी आत शिरत होती, वाफ माझ्या कानांवरून बाहेर चालली होती, आणि मला त्याचं भानच नव्हतं.

बाबाने पळी बादलीत टाकली.

"अरे गाढवाच्या लेका, दार लाव, सगळ्या तालुक्याला ऊब द्यायचा मक्ता घेतलायस का, आणि जायचं तर जा एकदाचा, ती पोरगी काय एप्रिलपर्यंत तळं धरून ठेवणार आहे तुझ्यासाठी, मोजे घेतलेस ना, मग निघ, आणि तिच्यासमोर तरी जरा कमी बोल!"

मी वाट बघत होतो. मधे कुठेतरी तो थांबेल, तोंड उघडं राहील, हाताने दाखवेल. तो थांबलाच नाही. शेवटपर्यंत एका दमात गेला, आणि वर पळीभर पाणी दगडांवर ओतलं.

एन्सिओकाका म्हणाला, "हं."

मी बाहेर आलो आणि दार लावलं.